दिवा लागतो, चाक ओढत नाही: जुन्या पिकअपच्या पुढच्या हबच्या नोंदी

८ जून

काल चिखलात गाडी फसली. वाटच तशी होती, त्यामुळे फसण्याचं काही वाटलं नाही. पण लिव्हर फोर-हायला (म्हणजे चारही चाकांना जोर), डॅशबोर्डवर हिरवा दिवा ठसठशीत लागलेला, मागची दोन चाकं खड्डा खणतायत आणि पुढची दोन्ही पाहुण्यासारखी स्वस्थ बसलेली, हे काही पचलं नाही. उतरून पाहिलं तर पुढच्या टायरवरचा वाळलेला चिखलही हललेला नव्हता. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली.

वहीत असावं म्हणून गाडीचं थोडक्यात: तिशी ओलांडलेली पिकअप, पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह (पुढची चाकं गरजेपुरतीच जोडायची), पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, हब (चाकाचा मधला तुंबा) आपोआप लॉक होणारे. म्हणजे खाली उतरून चाकापाशी काही फिरवायचं नाही. ट्रान्सफर केसने (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरवला की डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) दोन्ही दांडे फिरतात, आणि दांडा फिरला की हबमधला कॅम (उतार असलेलं कडं) चढून चाक दांड्याला जोडतो. असं पुस्तकात म्हटलंय.

९ जून

अख्खा रविवार दिव्याच्या मागे घालवला. माझा तर्क असा की दिवा लागतो म्हणजे फोर व्हील लागलंय, आणि लागलेलं असूनही ओढत नाही म्हणजे दिवा खोटा असणार. ट्रान्सफर केसवरचा स्विच काढला, पुसला, वायर तपासली, लिव्हरच्या जोडाला तेल दिलं. लिव्हर आधीपेक्षा मऊ सरकू लागला, एवढीच कमाई.

संध्याकाळी हात धुताना डोक्यात आलं की हे दोन मिनिटांचं काम होतं. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला, सहज फिरला. लिव्हर फोर-हायला टाकून पुन्हा धरला, तर ठार अडकला. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत बांधलेले असतात. मागची चाकं जमिनीवर उभी असताना पुढचा फिरणारच नाही. तेव्हा ट्रान्सफर केस आपलं काम चोख करते आहे आणि दिवाही खरं बोलतो आहे. त्याला फक्त ट्रान्सफर केसपुरतंच माहीत आहे. हबमध्ये काय चाललंय हे त्याला कुणी सांगतच नाही.

या ट्रान्सफर केसला मधलं डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-हाय टाकून वळलं की पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान, आणि मधल्या शाफ्टमध्ये पीळ भरतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते. आता मागे वळून आठवतं की गेलं वर्षभर ते अडखळणं कधी जाणवलंच नव्हतं. मी ते चांगलं लक्षण समजत होतो.

१५ जून

उजवा हब उघडला. उजवाच का, तर त्याच्या टोपणाभोवती ग्रीस पाझरून त्यावर धूळ बसली होती. डावा बाहेरून स्वच्छ. जो घाण दिसतो तोच गुन्हेगार, असा माझा न्याय.

सहा बोल्ट काढून टोपणावर लाकडी हातोडीने दोन टोले दिले, टोपण हातात आलं. आत ग्रीस, फक्त ग्रीस. दाते, स्प्रिंग, कॅम, काही म्हणता काही दिसेना. बोटाने खरवडून काढलं तर डबा निम्मा भरला. हे पाप माझंच. मागच्या वर्षी ब्रेक पॅड बदलताना 'आता उघडलंच आहे तर' म्हणून बेअरिंगचं घट्ट ग्रीस हबमध्ये ठासून भरलं होतं. बेअरिंगला ते हवंच असतं. हबच्या यंत्रणेला मात्र पातळसा हात पुरतो, कारण आतल्या स्प्रिंगला बाही (सरकून दांडा आणि हब जोडणारं दात्यांचं कडं) सरकवायची असते. दाट ग्रीसमध्ये ती रुतते आणि थंडीत तर जागची हलतही नाही.

सगळं रॉकेलमध्ये धुतलं, सुकवलं, दात्यांवर बोटाने ग्रीस नुसतं पुसल्यासारखं लावलं. बाही आता हातात मागे-पुढे खुळखुळत सरकते. नवी ओ-रिंग घालून बंद केलं. आजार सापडला अशी खात्री होती.

१६ जून

आजार सापडला नव्हता. ओल्या उतारावर नेली, पुढच्या टायरवर खडूने रेघ मारली, फोर-हाय टाकून हळू चढवली. मागची चाकं घसरायला लागली, खडूची रेघ जागच्या जागी.

भाची आली होती, तिला मदतीला घेतलं. पुढून जॅक लावून गाडी चेसिसखाली स्टँडवर टेकवली, मागच्या चाकांना ओंडके, टू-हाय, न्यूट्रल, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. मी खाली आडवा होऊन प्रॉपेलर शाफ्ट फिरवायला लागलो आणि तिला डाव्या चाकापाशी बसवलं.

"चाक फिरतंय का गं?"

"नाही मामा. चाक थांबलेलंच आहे."

मी तेवढ्यावर समाधान मानून उजवीकडे सरकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पण आतला दांडा फिरतोय की. रबरी बूटसुद्धा फिरतोय."

तिथेच सगळं उलगडलं. मी आठवडाभर चाकांकडे बघत होतो, बघायला हवं होतं दांड्यांकडे. पुढचं डिफरन्शियल उघडं आहे, म्हणजे जिकडे अडथळा कमी तिकडे सगळी फिरकी जाते. डाव्या हबने दांडा पकडला नाही की डावा दांडा हबच्या आत मोकळा फिरत राहतो आणि उजव्या चाकाला जोर मिळतच नाही, मग उजवा हब कितीही सुदृढ असो. एक हब गेला की पुढची दोन्ही चाकं गेली. चाक थांबलेलं आणि त्याचा दांडा फिरतोय, तर बिघाड त्याच बाजूला. चाक आणि दांडा दोन्ही थांबलेले, तर ती बाजू बहुधा निर्दोष, नुसती वाट बघत बसलेली.

'बहुधा' काढून टाकण्यासाठी भाचीला डावा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितला. मी पुन्हा शाफ्ट फिरवला. आता उजवा दांडा दुप्पट वेगाने फिरायला लागला, पाव फेऱ्यात उजव्या हबमधून 'टक' आलं आणि उजवं चाक फिरू लागलं. म्हणजे उजवा हब ठीक. तो आधीपासून ठीक होता की काल मी ठीक केला, हे आता त्या रॉकेललाच ठाऊक.

२२ जून

डावा उघडला. बाहेरून स्वच्छ म्हणून ज्याला आठवडाभर हात लावला नाही, तो आतून सडलेला.

एका बोल्टचं डोकं गोल झालेलं होतं. एक माप लहान सॉकेट हातोडीने त्यावर ठोकून बसवलं, तेव्हा निघाला. टोपण उचकटताच पाण्याचे दोन थेंब ओघळले. ग्रीस राखाडी-पांढरं, फेसाळलेलं. ओ-रिंग चपटी झालेली आणि एका जागी चिरलेली. हब चालून तापतो, मग गाडी ओढ्यात उतरते, गार पाण्यात आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. एवढी चीर त्याला पुरते.

प्रत्येक थर काढताना फोनवर फोटो काढला. वयोमानाप्रमाणे आता स्मरणशक्तीवर विसंबत नाही. टोपण, स्प्रिंग, दात्यांची बाही, मग दांड्याच्या टोकावरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). सर्क्लिपच्या प्लायरने ती उघडताना डोळ्यांवर चष्मा ठेवला. ती उडते तेव्हा सांगून उडत नाही.

त्यामागे कॅमची जोडी. फिरता कॅम गंजाच्या गेरूने माखलेला, पण शाबूत. स्थिर कॅम मात्र हाताने फिरवला तर सहज फिरला, आणि हे त्याने करायचं नसतं. करड्या प्लॅस्टिकच्या या कड्याला आतून एक जीभ असते. ती स्पिंडलच्या (ज्याच्याभोवती हब फिरतो ती न फिरणारी नळी) खोबणीत बसते. स्पिंडल स्टिअरिंगच्या नकलला (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो सांधा) बांधलेला, म्हणून कॅमही जागचा हलत नाही. दांडा फिरतो, हा थांबतो, दोघांत फरक पडतो, त्या फरकानेच फिरता कॅम उतारावर चढून बाहीला हबच्या दात्यांत ढकलतो. स्थिर कॅमच दांड्याबरोबर गरगरायला लागला तर चढायचं कुणी आणि कशावर?

जीभ तुटलेली होती. तुकडा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खोबणीतला गंज स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कोरला तर नखाएवढा करडा तुकडा तिथेच रुतून बसलेला, कडा अजून धारदार. फिरता कॅम गंजून जाम झाला असणार, दांड्याने जोर लावला, सगळ्यांत दुबळं जे होतं ते तुटलं. पाणी शिरलं नसतं तर ही जीभ आणखी दहा वर्षं टिकली असती.

२३ जून

सुटे भाग टेबलावर, चाक उघडं, तेव्हा बेअरिंगही पाहून घेतलं. (हे कालच, चाक काढण्याआधी करायला हवं होतं. डावं चाक परत चढवून करावं लागलं.) चाकावर घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून हलवलं, खुट्टकन खेळ (सैलपणा) लागला. हा खेळ बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा, ते कळायला सोपी युक्ती आहे: कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावायचं. भाचीने ब्रेक दाबला, खेळ गेला. म्हणजे बेअरिंग. डिस्क आणि कॅलिपर एकमेकांना धरतात तेव्हा बेअरिंगचा सैलपणा लपतो, बॉल जॉइंटचा लपत नाही.

कॅलिपर काढून तारेने टांगला, नळीवर लोंबकळू दिला नाही. बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर बारीक खड्डे पडलेले, नखाला लागतात. आतलं बरं. तरी दोन्ही बदलली. रोलर ज्यांत फिरतात त्या बाहेरच्या कड्याही बदलल्या, कारण नवं बेअरिंग जुन्या कडीत घालणं म्हणजे नवा जोडा घालून जुन्या काट्यांवर चालणं. जुनी कडी पितळेच्या सळईने आलटून पालटून दोन बाजूंनी ठोकत काढली. नवी कडी बसवायला जुनीच कामाला आली: तिला ग्राइंडरने एक चीर पाडली, नवीवर ठेवली आणि वरून ठोकली. चिरेमुळे ती आत अडकत नाही. कडी तळाला टेकली की हातोडीचा आवाज बदलतो, भद्दचा खणखणीत होतो. तिथे थांबायचं.

ग्रीस भरण्याचं काम मला मनापासून आवडतं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेअरिंग, रुंद कड खाली. तळहाताच्या टाचेवर ती कड दाबत ओढायची, पुन्हा दाबत ओढायची. सात-आठ वेळा काहीच होत नाही. मग रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूला ग्रीसच्या बारीक शेवया निघायला लागतात. थोडं फिरवून पुढचा भाग. सगळीकडून शेवया निघाल्या की भरलं. भाचीने दुसरं केलं, माझ्यापेक्षा नीट.

२९ जून

कॅम मिळतो का ते आठवडाभर पाहिलं. सुटा मिळत नाही, पूर्ण हबच घ्यावा लागतो. मग विचार केला की पुन्हा तीच प्लॅस्टिकची जीभ कशाला? हाताने फिरवायचे हब घ्यायचं ठरवलं.

आपोआप हबबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. चिखलातून सुटायला गाडी पुढे-मागे झुलवतो ना, तेव्हा दर वेळी दिशा बदलली की कॅम उताराच्या तळाला येतो, हब क्षणभर सुटतो आणि उलट बाजूने पुन्हा पकडतो. दर झोक्याला एक धक्का. शिवाय टू-हायला आलं तरी हब पूर्ण सुटायला गाडी दोन-तीन मीटर उलट न्यावी लागते, आणि हे कितीजण लक्षात ठेवतात? हाताच्या हबमध्ये डायल फिरवली की स्प्रिंगच्या जोराने बाही दात्यांत जाते आणि डायल परत फिरवेपर्यंत तिथेच राहते. उतरून चिखलात पाय घालावा लागतो, हे खरं. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये महायुद्धातून उरलेल्या जीप रस्त्यावर चालवणाऱ्यांसाठी असे हब बनवायला घेतले, तेव्हाही माणसाला खाली उतरावंच लागत होतं.

मागवण्याआधी दांड्याच्या टोकावरचे दाते मोजले. २७ आले. पुन्हा मोजले, २८. तिसऱ्यांदा एका दात्याला खडू लावून मोजले, २७. चौथ्यांदाही २७. मग मागवले.

६ जुलै

जुळणी. इथे एक खाचखळगा आहे. आपोआप हबचा स्थिर कॅम बेअरिंगच्या नटच्या भोवती बसतो, म्हणून त्याचा नट आणि वॉशर त्या बेताने बनवलेले असतात. ते तसेच ठेवून हाताचा हब चढवला तर बेअरिंगच्या नटला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि काही दिवसांत नट स्वतःच सुटायला लागतो. किटमध्ये आतला नट, जिभेचा वॉशर आणि बाहेरचा चेकनट वेगळे आले होते, तेच वापरले.

आतला नट चाक फिरवत फिरवत घट्ट केला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग सैल केला, मग पुन्हा हलका आवळला. हाताच्या अंदाजावर सोडलं नाही. चाकाच्या एका बोल्टला ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवून ओढला आणि हब हलायला लागतो तेव्हाचा आकडा पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहिला. पहिल्यांदा जास्त आला, चेकनट आवळताना आतला नट थोडा पुढे सरकला होता. तिसऱ्या खेपेला जमलं. ही खेप वाचवू नये. जास्त आवळलेलं बेअरिंग काही बोलत नाही, तापतं आणि मरतं.

हबचं अंग, पॅकिंग, आणि आता सर्क्लिप. दांडा आत सरकलेला असल्यामुळे तिची खाच दिसेचना. या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेलं भोक आहे. त्यात एक लांब बोल्ट चार फेरे घातला, तो धरून दांडा बाहेर ओढला, खाच उघडी झाली, सर्क्लिप टचकन बसली. बोल्ट काढून घेतला. (विसरू नये. टोपण बसणार नाही म्हणून विसरताच येत नाही म्हणा.)

टोपण बसवताना डायल मोकळ्या खुणेवर ठेवली, नाहीतर बाही पुढे आलेली असते आणि टोपण टेकत नाही. सहा बोल्ट समोरासमोर आळीपाळीने, शेवटी टॉर्कच्या पान्याने.

दोन्ही बाजू झाल्यावर हवेतच चाचणी. मोकळ्यावर: चाक फिरतं, दांडा गप्प. लॉकवर उजवं चाक फिरवलं, दांडा बरोबर आला. डावीकडे डायल लॉकवर, तरी दांडा गप्प. पोटात गोळा आला. मग चाक बोटभर फिरवलं आणि 'टक'. दात्यावर दाता आला होता, स्प्रिंग फट सापडायची वाट बघत होती. एवढंच.

७ जुलै

तोच ओला उतार, टायरवर तीच खडूची रेघ. दोन्ही लॉक, फोर-हाय. मागची चाकं जराशी घसरली, पुढच्यांनी गाडी धरली आणि रेघ टायरबरोबर वर आली. वर पोचल्यावर ओल्या मातीतच वळवून पाहिली, स्टिअरिंग जड लागलं. वर्षभर न जाणवलेलं ते अडखळणं परत आलं, आणि मला ते ऐकून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मग मुद्दाम खाली येऊन डावा हब मोकळा केला, उजवा लॉकच ठेवला. फोर-हाय, हिरवा दिवा लागला. गाडी चढवली. मागची चाकं खणू लागली, पुढची दोन्ही स्वस्थ. सात जूनचं चित्र हुबेहूब. भाची बाहेरून ओरडली, "मामा, तोच आहे, तोच!" डावा लॉक केला, चढली.

२० जुलै

साधारण ३०० किलोमीटर झाले. एका लांबच्या फेरीनंतर थांबून दोन्ही हबच्या टोपणांना हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. एक जास्त तापला असता तर बेअरिंग पुन्हा उघडावं लागलं असतं. बारा-सहाचा खेळ शून्य. बोल्ट पुन्हा तपासले, डाव्या बाजूचा एक जरासा फिरला, बाकी ठाम.

भाचीने दोन्ही डायलच्या लॉकच्या खुणेवर लाल रंगाचा ठिपका दिला आहे. पाच पावलांवरून दिसतो. महिन्यातून एकदा हब लॉक ठेवून टू-हायमध्येच थोडं चालवायचं ठरलंय. त्याने पुढचं डिफरन्शियल आणि दांडे फिरतात, वरच्या भागांना तेल पोचतं.

ठिपके वाळेपर्यंत खाली वाकून बघत होतो तर उजव्या दांड्याच्या बाहेरच्या रबरी बुटाला घडीत बारीक चीर दिसली. ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही. माप घेऊन ठेवलंय.